गव्हाच्या कोठीतली तार

आमच्या गल्लीत लाईन गेली की पहिला आवाज शेजारच्या रजियाबीच्या घरून येतो, "हाय अल्ला, गई!" मग कोपऱ्यावरच्या दुकानातला कूलर घरघर करत थांबतो, लेकरं ओरडतात, म्हातारी माणसं पुठ्ठे शोधायला लागतात. आणि आमच्या घरात माझी सून नीलम हातातलं काम तिथंच टाकून मागच्या कोठीच्या खोलीकडे पळते. चेहऱ्यावर असा आनंद, जसा लेकीला माहेरचं माणूस दारात दिसल्यावर होतो. अकोल्याचा मे महिना म्हणजे भिंतीला हात लावला तर तव्यासारखा लागतो. अशात लाईन गेल्यावर हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

रजियाबीनं एक दिवस मला विचारलंच. "जाईबाई, बुरा मत मानो, पण तुमच्या सुनेले काही लागीर-बिगीर तं नाई ना झालं?"

"लागीर नाई व बाई. पीएच.डी. करून राहिली ते."

"मंग एकच झालं," रजियाबी म्हणाली.

नीलम अंजनगाव सुर्जीची. वडील दुसऱ्याचा पानपिंपरीचा मळा बटाईनं करतात. आम्ही तिला पाहायला गेलो तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि आमचे हे म्हणाले, "बेटा, तुले काही विचारायचं असन तं विचार." हे म्हणजे डोमाजी, माझे यजमान. वीज कंपनीत लाईनमन होते, बार्शीटाकळीकडच्या खेड्यांत सारी नोकरी गेली. नीलमनं मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या घराचं अर्थिंग कसं आहे?"

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. आई आतून पाहत होती, ती दाराआड झाली. पण हे असे खुलले! "साऱ्या नोकरीत मले हा प्रश्न माह्या साहेबानंबी नाई विचारला," म्हणाले आणि तिला समजावत बसले, खड्डा किती खोल घेतला, मीठ किती टाकलं, कोळसा कुठून आणला. आमचा ललित बाजूला बसलेला. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "मले काही विचारणार हाय का, का लग्न बाबांशीच हाय?" लग्न ठरलं. ललित भुसावळला रेल्वेत आहे, सुटीला येतो. नीलम आमच्याजवळ राहते.

ती कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात कॉलेज बंद तर पगारही बंद, प्रयोगशाळेची चावीही बंद. संशोधन अमरावतीच्या सरांकडे. मला आधी वाटायचं, संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि धूर. एक दिवस सकाळी गच्चीवर आम्ही दोघी शेवया वाळत घालत होतो, तेव्हा मी म्हटलं, "नीलम, तू मोजतेस तरी काय, ते मले एकदा सांग."

तिनं वाळलेली एक शेवई उचलली. "आई, हिचे उभे हजार भाग करा. त्यातला एक भाग घ्या, त्याचे अजून वीस करा. तेवढी माझी तार. सिलिकॉनची."

"बाप्पा! आणि ते दिसते कसं?"

"दिसत नाही. पण तिच्यातून करंट जाते, ते मोजता येते." मग ती मांडी घालून बसली. ती समजावायला बसली की हातात जे असेल ते खाली ठेवते, ही तिची सवय. "त्या तारेच्या अंगावर बारीक बारीक खड्डे असतात आई. करंट म्हणजे इलेक्ट्रॉन चालून राहिले. त्यातला एखादा खड्ड्यात पडतो, जरा वेळ बसतो, मग उठून चालायला लागतो. जाड तारेत कोणाच्या ध्यानातही येत नाही. जत्रेत एक माणूस खाली बसला तं कोण पाहते? पण बोळ अरुंद असला आणि मधातच कोणी बसलं, तं साऱ्यांचीच वाट अडते. मग करंट कमी होते. तो उठला की पुन्हा जास्त. अशी ती थरथरत राहते. त्यालेच आम्ही नॉइज म्हणतो."

"मंग ऐकू येते?"

"कानाचा नाही तो. पण मोबाईल घ्या, दवाखान्यातलं मशीन घ्या, आतले भाग जितके लहान करत जाऊ, तितका हा त्रास वाढते."

"आणि तू काय करतेस त्याचं?"

"मी ती तार लिंपते," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या गावाकडची भिंत लिंपलेली पाहिली ना, खड्डे बुजतात, गुळगुळीत होते. तसा एक थर द्यायचा. अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा. मग बसायला जागाच राहत नाही."

तो थर काही आमच्या घरी देता येत नाही. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत बाहेरच्या विद्यार्थ्यांना पाळीपाळीनं काम करू देतात. तिथं जाऊन तिनं बोटाच्या नखाएवढ्या चिपवर तारा बनवल्या, काही लिंपल्या, काही उघड्या ठेवल्या. नॉइज किती कमी झाला ते मोजायचं राहिलं होतं. मोजलंही होतं खरं तर. पण अमरावतीला तपासणाऱ्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, बाई, यात तुमच्या तारेचा आवाज कमी आणि खोलीचा जास्त आहे. खोली शांत करून दाखवा, मग तारेचं बोला. नीलम म्हणाली, त्यांचं बरोबरच होतं.

इकडे चिपवरच्या तारा एकेक करून मरत गेल्या होत्या. आमच्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी. नायलॉनचं पातळ अंगावरून काढताना चट् चट् करते ना, तेवढी वीजसुद्धा त्या तारेला विजेच्या लोळासारखी. माझी जुनी सुती पातळं नीलमनं मागून घेतली, मनगटाला पट्टा बांधून त्याची तार अर्थिंगला जोडली, तरी शेवटी दोनच तारा उरल्या. एक लिंपलेली, एक उघडी. पुन्हा मुंबईची पाळी यायला वर्ष लागणार आणि तिच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपणार. म्हणजे जे काय करायचं ते या दोघींवरच, आणि याच महिन्यात.

म्हणून तिनं घरीच मांडामांड केली. मला म्हणाली, "आई, गव्हाची कोठी द्याल?" पत्र्याची उभी कोठी, घट्ट टोपणाची. मी म्हटलं, "वर्षाचे गहू हायेत तिच्यात." पण तिचं तोंड पाहिलं आणि गहू पोत्यात भरले. तार कोठीत गेली. पत्र्याच्या आत बाहेरची वीज शिरत नाही म्हणे. करंट मोठी करून दाखवणारं यंत्र तिनं स्वतः झाळून बनवलेलं, तेही स्कूटरच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारं, म्हणजे भिंतीतल्या बटणाशी संबंधच नको. तरीपण गल्लीत कुणाचा कूलर सुरू झाला, कुणी मिक्सर फिरवला, की तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर काटेच काटे. सगळीकडची लाईन गेली की तेवढा वेळ पडदा शांत. लाईन जायची वाट ती का पाहायची, ते आता समजलं असेल.

अशीच एकदा जेवताना ती बोलून गेली, "बाबा, आपल्याकडची लाईन लय घाण आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कोनाची लाईन?"

"साऱ्याच गल्लीची. काटे उभे राहतात."

"मी चढलो त्या लाईनीवर. पान्यात चढलो, वादळात चढलो. आन् हे म्हनते, घाण!"

"अवो, ते तशी नाई म्हणून राहिली," मी मधात पडले.

"मंग कशी म्हणून राहिली?" पण रागावलेले नव्हते. विचारात पडले होते. दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी फिल्टरमध्ये ओतताना मला म्हणाले, "ह्या पाण्यावानीच झालं म्हणजे. नळाचं खराब, तं घरी गाळून घ्या लागते." मला वाटलं पाण्याचंच बोलून राहिले.

मग मोबाईलवर कंपनीचा निरोप आला. पावसाळ्याआधीची कामं, झाडं छाटणार, तारा ओढणार, बुधवारी दुपारभर लाईन बंद. नीलमनं तो मला दोनदा वाचून दाखवला. इतकी मोठी शांतता जूनच्या आत पुन्हा मिळणार नव्हती.

सोमवारी बुद्धपौर्णिमा होती. मी उपोसथाचा उपास धरला, पांढरं पातळ नेसून विहारात गेले, खीर वाटली. मंगळवारी नीलम काही सामान आणायला अमरावतीला सरांकडे गेली, आणि इकडे ह्यांनी जिन्याखाली इनवर्टर आणून बसवला. सारी जोडणी स्वतःच्या हातानं. मला म्हणाले, "तिले सांगजो नको. कंपनीची लाईन खराब तं खराब. आपण आपल्या पोरीले घरची चोख लाईन देऊ." आता मला पाण्याचं बोलणं उमगलं. मलाही ते पटलं. इतकं वय झालेला माणूस जिन्याखाली वाकून घाम पुसत होता, आणि वरून गुणगुणत होता.

बुधवारी ठरल्यावेळी लाईन गेली. "हाय अल्ला, गई!" नीलम पळाली. तेवढ्यात जिन्याखाली टक् झालं आणि आमचा पंखा तसाच फिरत राहिला.

हे दारात उभे. दोन्ही हात पाठीमागे, शाळेच्या फोटोत उभे राहतात तसे. "पाह्य पोरी. तुही सोताची लाईन. कंपनीचा संबंधच नाई. एकदम चोख."

नीलमनं जिन्याखालचा लाल दिवा पाहिला. क्षणभर तिचा चेहरा असा झाला, जसा भरली घागर हातून सुटताना होतो. मग ती हसली. "बाबा, माझ्यासाठी?"

"नाई तं काय रजियाबीसाठी?"

"लय छान आहे," ती म्हणाली आणि कोठीच्या खोलीत गेली. हे पंख्याखाली खाटेवर बसले, धोतराच्या सोग्यानं मान पुसली, आणि असे बसून राहिले जसं शेतात पाणी सोडून माणूस बांधावर बसते.

मी थोड्या वेळानं पन्हं घेऊन आत गेले. मनगटाला पट्टा बांधून नीलम स्टुलावर बसलेली, दोन्ही हात मांडीत. पडद्यावर काटेच काटे, नेहमीपेक्षा दाट, बाभळीच्या कुंपणासारखे.

"होऊन राहिलं का?"

"होईल आई."

"खरं सांग."

ती हळूच बोलली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "इनवर्टर करंट कापून कापून बनवते आई. यापेक्षा कंपनीची लाईन लय सोज्वळ."

"मंग म्हण त्याईले, बंद करा."

"नाही. ते कसे बसलेत बघा ना. माझ्या बापानंही माझ्यासाठी असं जिन्याखाली शिरून कधी काही केलं नाही, त्यांच्याकडे जिनाच नव्हता." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "पुढच्या वेळी करीन."

"पुढची वेळ कधी हाय?"

ती पन्ह्याचा पेला हातात धरून राहिली.

मी खोलीच्या बाहेर आले. मी रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. इतकी वर्षं म्हणताना मला वाटायचं, खोटं म्हणजे कडू काहीतरी, कुणाला बुडवायला बोललेलं. हे असं लोण्यासारखं मऊ खोटं त्यात येतं का? मनात म्हटलं, भगवंता, दोघंही एकमेकाला जपून राहिले आणि मधात पोरीचं वर्ष चाललं. मी खाटेजवळ गेले आणि सांगून टाकलं. इनवर्टरनं काटे वाढले, ती नुसती बसून आहे, तुमचं मन दुखू नये म्हणून.

हे माझ्याकडे पाहत राहिले. "तिनं सांगितलं तुले, मले सांग म्हणून?"

"नाई. तिनं नको म्हटलं. मी सांगून राहिले."

ते वर पंख्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता उठून बाहेर जातात आणि संध्याकाळपर्यंत येत नाहीत. उठले. पण खुंटीवरची पक्कड घेतली, जिन्याखाली वाकले, आणि बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या. पंखा हळू हळू थांबला. तिथूनच ओरडले, "नीलम! बंद केलं! आता पाह्य!"

 मग ती दारात आली, डोळे भरलेले. "बाबा..."

"ते मंग पाहू. पडद्यावर काय हाय ते सांग."

"कमी झाले. पण अजून हायेत. बाजूच्यांचे इनवर्टर सुरू असतील."

ह्यांनी दुपट्टा डोक्याला बांधला आणि त्या उन्हात बाहेर पडले. मी दारात उभी राहून ऐकत होते. पहिलं दार रजियाबीचं. तिचा मुलगा नईम, त्याच्या शिलाईच्या मशिनी इनवर्टरवर चालतात.

"रजियाबी, घंटाभर इनवर्टर बंद करा."

"अय भाई, तुम तो लाईन चालू करनेवाले आदमी थे!"

"आज बंद करनेवाला समजा."

"नईमकडे शादी का आर्डर हाय. काय झालं काय?"

"माह्या सुनेची तार हाय. लय बारीक हाय. समजवत बसलो तं तिकडून लाईन येऊन जाईन."

रजियाबी मग आत तोंड करून ओरडली, "नईम, मशीना बंद कर रे! बच्ची का इम्तिहान है!" आणि स्वतःच पायात चपला सरकवून पुढच्या दाराकडे निघाली. "तुमी तिकडच्या बाजूने जा, भाई. इकडचे मी पाहते. माझं ऐकतात."

गल्लीतल्या घरांमधून एकेक आवाज कमी होत गेला. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं, "लाईनमनच लाईन बंद करून राहिले" म्हणालं, पण बंद केलं साऱ्यांनी. इतकी शांत दुपार मी अकोल्यात ऐकली नव्हती. कुठंतरी दूर झाडं छाटणाऱ्यांचे आवाज तेवढे.

नीलमनं आतून हाक मारली. "आई, बाबा, या. मोबाईल बाहेर ठेवा. कोठीला हात लावू नका."

आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. पडद्यावरचे काटे गेले होते. एक बारीक रेघ चालली होती, आणि ती मधूनच एक पायरी खाली उतरायची, थोडी तशीच चालायची, मग पुन्हा एक पायरी वर चढायची.

"ही उघडी तार," नीलम कुजबुजली. "आता तो बसला... बसला... हा उठला."

"कोन?" ह्यांनी विचारलं.

"इलेक्ट्रॉन, बाबा. खड्ड्यातला."

"किती हायेत?"

"एकच."

हे जरा पुढं झाले, हात मात्र मागेच बांधलेले. रेघ उतरली. चढली. पुन्हा उतरली. "अकरा हजाराच्या लाईनीवर जिंदगी गेली," ते म्हणाले, "पण हा असा एकटा कधी भेटला नाई."

मग तिनं लिंपलेली तार जोडली.  रेघ आली. ती सरळ चालत राहिली. अगदी सरळ नाही, जरा थरथरत होती, पण पायऱ्या नव्हत्या. कोणी बसत नव्हतं, कोणी उठत नव्हतं.

"ही थरथर राहिली की," मी म्हटलं.

"ती राहणारच आई. उष्णतेची आहे. जोवर गरमी हाय तोवर ती कोणालेच थांबवता येत नाही." मग ती एकदम हसली आणि दंडानं घाम पुसला, घामाचा थेंब तारेजवळ पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. "आणि अकोल्यात तं बिलकुलच नाही."

लाईन यायच्या आत तिनं दोन्ही तारांचं सगळं मोजून घेतलं आणि संध्याकाळी सरांना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा हेच करतात, कुणाला करू देत नाहीत. सरांचा फोन आला. नीलम उभी राहून बोलली, "हो सर," "हो सर," इतकंच. फोन ठेवला आणि म्हणाली, "सर म्हणाले, हा नॉइज तुझ्या तारेचाच आहे. लिहायला घे." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

हे चहा ओतत होते, ते तसेच ओतत राहिले. तिचं रडणं थांबल्यावर म्हणाले, "पोरी, एक गोष्ट सांगतो. माह्या नोकरीत एक जण पोलवर चढला होता. साहेबानं खालच्याले विचारलं, लाईन बंद हाय ना? बंद करायचं त्याच्या ध्यानातून गेलं होतं. पण साहेबाले नाई कसं म्हणावं? मान राखला त्यानं. हो साहेब, म्हणे, बंद हाय."

"मग?" नीलमनं विचारलं.

"मंग काय. वरच्याचा हात गेला." त्यांनी तिच्यापुढं कप सरकवला. "मान राखून बोललेलं खोटं लय खराब असते. मले तोंडावर सांगत जाय. मी रागावीन, एखाद्या दिवशी जेवणारबी नाई. पण सांगत जाय."

नीलमनं कपाकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. "सांगू?"

"सांग."

"तुम्ही चहात सुंठ टाकता ना बाबा, ते मले बिलकुल आवडत नाही. लग्न झालं तवापासून."

हे तिच्याकडे पाहतच राहिले. मी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी तिच्यापुढचा कप उचलला, आपल्या बशीत ओतून घेतला, आणि उठून गॅसवर दुसरं आधण ठेवलं.

"साखर तरी चालते ना?" पाठमोरे राहूनच त्यांनी विचारलं.

"थोडी कमी," नीलम म्हणाली.